घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गुडघेदुखी-कंबरदुखी: मेडिकलमध्ये जायच्या आधी काय काय करायचं

गणपतीला नाहीतर मे महिन्यात चाकरमानी घरी येतात, आईला विचारतात "गुडघे कसे आहेत गं", ती म्हणते "बरी आसंय, वयाचा दुखना ता", विषय संपला. जाताना मेडिकलमधनं गोळ्यांच्या चार स्ट्रिप आणून फळीवर ठेवायच्या आणि मुंबईची गाडी पकडायची. ही पोस्ट त्या लोकांसाठी आहे, आणि गावात राहून रोज हे बघणाऱ्या सुना-मुलींसाठी तर जास्तच.

पहिलं म्हणजे तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टरी भाषेत क्रॉनिक म्हणतात, आणि त्याचे नियम वेगळे असतात. नवीन लागलं, मुरगळलं तर आराम करून बरं होतं. जुन्या दुखण्यात मात्र नुसता आराम केला की स्नायू बारीक होतात, सांधा आखडतो, मग थोडं चाललं तरी जास्त दुखतं, म्हणून माणूस आणखी बसतो, असं ते चक्र चालूच राहतं. एक्स-रेवर पण फार जाऊ नका, कुणाचा एक्स-रे बघून डॉक्टर हात टेकतात आणि तो माणूस देवळाच्या पायऱ्या आरामात चढतो, कुणाच्या फोटोत काहीच नसतं आणि रात्रभर झोप नाही. त्यामुळे दुखणं शून्यावर आणायचं असं ठरवलंत तर निराशा होणार. ठरवायचं ते काम. परत तुळशीला पाणी घालायला खळ्यात जायचंय, बावीपर्यंत जायचंय, शेजारणीकडे जाऊन बसायचंय, असं एक काम धरा आणि महिनाभर त्यावरनंच मोजा.

आता विचारायचं कसं. "दुखतंय का" विचारलं की आमच्याकडची म्हातारी माणसं नाहीच म्हणतात, त्यांना पोरांना त्रास द्यायचा नसतो. त्यापेक्षा विचारा, काल न्हाणीघरातनं उठताना कशाला धरलंत, रात्री कितीदा जाग आली, विळीवर बसणं कधीपासनं बंद केलंत. दुखणं कसं आहे तेही विचारा. ठणकतं, चमक मारते, आग होते की मुंग्या येतात? आग आणि मुंग्या असतील तर नसेचं दुखणं असू शकतं, आणि त्याची औषधं वेगळी असतात, साध्या पेनकिलरचा त्याला फारसा उपयोग नाही. विसरण्याचा आजार असलेल्या माणसाला तर सांगताच येत नाही, तिथं चेहरा बघायचा, श्वास बघायचा, कण्हणं, अंग आखडून घेणं, आणि जवळ बसून हात फिरवला तर शांत होतात का ते बघायचं. याच पाच गोष्टी बघून 0 ते 10 मार्क द्यायची पेनॅड नावाची पद्धत 2003 पासून वापरात आहे. अंघोळ घालताना अचानक चिडणारे आजोबा हट्टी झालेत असं म्हणायच्या आधी खांदा दुखतोय का बघा.

आता मुख्य, व्यायाम. हो माहितीये, "जन्मभर लावणी केली, आता कसला व्यायाम" हे उत्तर येणार. पण भाताच्या लावणीत तासन्‌तास वाकून कंबरेवर ताण येतो, मांडीचे स्नायू मुद्दाम मजबूत करणं ही वेगळी गोष्ट आहे. गुडघ्याच्या झिजेवर व्यायामाचे पन्नासच्या वर अभ्यास एकत्र करून 2015 ला कॉक्रेन या जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला, त्यात दुखणं कमी होतं आणि हालचाल सुधारते हे दिसलं, आणि व्यायामाचा कार्यक्रम संपल्यावरही फायदा काही महिने टिकला. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेच्या 2022 च्या सूचनेतही झिजेच्या सांधेदुखीला व्यायाम सगळ्यांना सांगितलाय, गोळी नंतर.

सुरुवात अशी करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. हात छातीवर घडी करून उठायचं, पूर्ण उभं राहायचं, सावकाश बसायचं. 30 सेकंदात किती वेळा होतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला 10 पेक्षा कमी आणि पुरुषाला 12 पेक्षा कमी जमलं तर पायातली ताकद कमी पडतेय आणि पडायचा धोका आहे असं समजतात. एकदाही हाताशिवाय जमलं नाही तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, आणि सुरुवातीला हात टेकू द्या. दुसरा व्यायाम बिछान्यावरच, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद खाली दाबायचं आणि सोडायचं. तिसरा, ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या. एवढंच. चालणं आहेच, पण वेळ ठरवून. बरं वाटतंय म्हणून एका दिवशी सगळं आवार झाडून काढायचं आणि पुढचे दोन दिवस झोपून राहायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, त्यापेक्षा रोज दहा मिनिटं चाला, बरं असलं तरी दहाच, आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा.

करताना थोडं दुखणार, त्याला घाबरू नका. डेन्मार्कमध्ये 2013 पासून गुडघे आणि खुब्यासाठी ग्लॅड नावाचा कार्यक्रम चालतो, तिथं 10 पैकी 5 पर्यंत दुखणं चालवून घेतात, फक्त ते 24 तासांत पहिल्यासारखं व्हायला हवं. नाही झालं तर कमी करा, बंद नको.

काठीबद्दल एक गोष्ट बहुतेक जण उलटी करतात. उजवा गुडघा दुखतोय तर काठी डाव्या हातात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत मूठ यायला हवी. खाली रबर पाहिजेच, पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तेव्हा छत्री टेकत चालणं म्हणजे पडायला आमंत्रण. पायऱ्या घासून घ्या, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, संडास उकिडवं बसायचा असेल तर कमोडची खुर्ची आणा, भाजी चिरायचं काम विळीवरनं टेबलावर आणा. लाज वाटते म्हणून कमोड नको म्हणणारे खूप आहेत, दोन दिवस जातात त्यात, मग स्वतःच सोडत नाहीत.

शेक, निर्गुडीचा पाला, मिठाची पुरचुंडी, तेल लावणं, सगळं चालेल, बरं वाटतं आणि कुणीतरी जवळ बसून चोळतं हेही काही कमी नाही. फक्त डायबेटिसमुळे पायाला बधिरपणा असेल तर शेक आधी तुमच्या हातावर तपासा, भाजलेलं त्यांना कळतच नाही. आणि पेनकिलरचं जेल लावून वरनं शेक देऊ नका.

आता गोळ्या, इथं सगळ्यात जास्त घोळ होतात. गुडघा किंवा बोटांसाठी डायक्लोफिनॅकचं जेल आधी वापरा, त्यातलं रक्तात फार थोडं जातं. दिवसातनं तीन-चार वेळा, दोन आठवडे नियमित, दुखलं की लावायचं असं नाही. खुबा खोल असतो, तिथं त्याचा उपयोग नाही. पॅरासिटामॉल गुडघ्याच्या झिजेला थोडंच काम करतं हे आता अभ्यासांत दिसलंय, काहींना बरं वाटतं, तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्या. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा दिवसाला 4 ग्रॅम, पण अशक्त, कमी वजनाच्या, लिव्हर खराब असलेल्या किंवा दारू घेणाऱ्या म्हाताऱ्यांना ती बरीच कमी ठेवतात. आणि लक्षात ठेवा, कॉम्बिफ्लॅममध्ये 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच आहे, सर्दीच्या गोळीतही असतं, वरनं 650 ची वेगळी घेतली की बेरीज कुणी करत नाही.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफिनॅक पोटात रोज घेणं साठ-पासष्टीच्या पुढे धोक्याचं आहे, जठरात रक्तस्राव होऊ शकतो, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. बीपीसाठी टेल्मिसार्टन, सोबत लघवीची गोळी, आणि वरनं ही पेनकिलर, हे तिन्ही एकत्र आले की किडनी एकदम बिघडू शकते, त्यात मे महिन्यात घाम येऊन पाणी कमी पडलं की आणखीच. मेडिकलवाला हे विचारत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरसमोर ओता, नावं सांगत बसू नका. नाव नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्यांनी "दोन दिवसांत पळायला लागले" असं कुणी सांगत असेल तर शंका घ्या, अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय. बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या पेनकिलरने चक्कर येऊन पडायची भीती. अमेरिकेत 2018 ला आलेल्या एका अभ्यासात 240 जणांना वर्षभर बघितलं, कंबर-गुडघा-खुब्याच्या जुन्या दुखण्यात अफूच्या जातीची औषधं साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत.

ग्लुकोसामाइनवर पैसे घालू नका असं माझं मत. ते कोळंबी-खेकड्याच्या कवचातनं काढतात, म्हणजे आपल्याकडे फुकट फेकतो ते डबीतनं महाग मिळतं, आणि 2006 च्या 1583 लोकांच्या अभ्यासात एकंदरीत बिनऔषधाच्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. त्यापेक्षा वजन जास्त असेल तर उतरवा, एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो.

आणि घरी थांबायचं नाही ते कधी: पडल्यावर पायावर उभं राहता येत नाही, लघवी-संडासचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, एकच पिंढरी सुजून लाल झाली, काळी संडास झाली, वजन आपोआप उतरतंय आणि रात्री दुखणं वाढतंय. पावसाळ्यात शेतात चिखलात काम करून ताप आला आणि पिंढऱ्या दुखायला लागल्या तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाणी-चिखलातनं होणारा ताप) असू शकतो, पेनकिलर घेऊन झोपवू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. छातीत किंवा डाव्या हातात दुखून घाम फुटला तर तेल चोळत बसायचं नाही, 108 ला फोन.