कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करताना या चुका टाळा

लातूरला एंडोस्कोपी विभागात, कोलोनोस्कोपीआधी म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी, पेशंटला पोट साफ करायचं औषध समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. एक वाक्य ऐकलं की मात्र माझा जीव खालीवर होतो: "सिस्टर, ती लहान बाटली द्या ना, दोन लिटर कोण पिणार?"

आम्ही देतो ती पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची असते. लहान बाटलीत मात्र सोडियम फॉस्फेट असतं. अंगातलं पाणी कमी पडलं की हे फॉस्फेट कॅल्शियमला धरून किडनीच्या बारीक नळ्यांत साचतं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2008 मध्ये यावर सगळ्यात कडक इशारा दिला. वय 55च्या पुढं, किडनी आधीच कमजोर, बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो.

केजकडचे एक काका मे महिन्यात आले. गुडघ्यासाठी आठवडाभर दुखण्याची गोळी, बीपीची गोळी चालू, दिवसभर रानात. आम्ही दिलेली पावडर घरीच ठेवली. "पुतण्याची बाटली उरली व्हती, तीच घेतली. पाणी कशाला, पोट रिकामं पाहिजे म्हणले ना." तपासणी नीट झाली. तीन आठवड्यांनी पाय सुजले, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते सांगणारा आकडा) वाढलेलं निघालं. किडनी पहिल्यासारखी झालीच नाही. दुखण्याची गोळी चालू आहे का, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. तेव्हापासून गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून घेते.

रिकामं पोट म्हणजे अन्न नको. पाणी, गाळलेली पेज, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी हवंच. किती वाजेपर्यंत, ते डॉक्टर सांगतात. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर किती आणि काय प्यायचं तेही त्यांनाच विचारा. शहाळ्यातलं पोटॅशियमसुद्धा अशांना बाधतं.

दोन लिटरची पावडर एका लिटरात कालवू नका. मापाचं पाणी असलं तरच ती अंगातलं पाणी ओढत नाही. मी लिटरची बाटलीच वापरायला लावते, तांब्याचा अंदाज मला चालत नाही. चव आवडत नसेल तर गार करून प्या.

जुलाब लागले नाहीत म्हणून मनानं दुसरा डोस घेऊ नका. बीपीची गोळीही मनानं बंद करू नका.

उलट्या थांबत नाहीत, चक्कर येते, लघवी कमी झाली, तर उरलेलं औषध तिथंच ठेवा आणि रात्र असली तरी फोन करा.