पिचिंगही करणारा आउटफिल्डर पाहायला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या हायस्कूल बेसबॉलमध्ये ज्या मुलाचा हात सगळ्यात तगडा, त्याच्यावर बहुधा दोन कामं पडतात. मंगळवारी तो माउंडवर (मैदानातल्या उंचवट्यावर) उभा राहून पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला बॉल टाकतो, आणि गुरुवारी सेंटर फिल्डला, म्हणजे आउटफिल्डच्या (मैदानाच्या बाहेरच्या भागाच्या) मधोमध उभा राहतो. संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटकडून असा मुलगा जोखताना होणाऱ्या बऱ्याचशा चुकांचं मूळ एकच आहे: आदल्या दिवसांत त्यानं काय केलं, हे न विचारताच आपण समोर दिसेल ते लिहून टाकतो.

न्यू जर्सीत एका शाळेचा सेंटर फिल्डर मी असाच पाहिला. त्याचे थ्रो होम प्लेटपर्यंत (बॅटर उभा राहतो त्या जागेपर्यंत) दोन-दोन टप्पे घेत येत होते. मी वहीत लिहिलं, ‘हात कमी पडतो.’ सामन्यानंतर त्यांचं स्कोअरबुक चाळलं, तेव्हा कळलं की दोनच दिवसांपूर्वी त्यानं नव्वदच्या वर पिचेस टाकले होते. मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ तक्त्यानुसार 17-18 वर्षांच्या मुलानं दिवसाला 105 पेक्षा जास्त पिचेस टाकू नयेत आणि 81 किंवा त्याहून जास्त टाकल्यास चार दिवस पिचिंग करू नये. पण तक्ता मोजतो ते माउंडवरचे पिचेस. आउटफिल्डमधून जीव लावून केलेले थ्रो त्यात धरलेले नसतात. म्हणजे कोचनं नियम पाळलेला असतो आणि तरीही मुलाचा हात थकलेला असतो. म्हणून मैदानात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: शेवटचं पिचिंग कधी केलं आणि किती पिचेस टाकले?

धावण्याच्या वेगाचंही तसंच. तो पिचिंग करत असेल त्या दिवशी स्टॉपवॉचवर फार विसंबू नका. ग्राउंडर (जमिनीलगत जाणारा फटका) मारल्यावर पुढच्या इनिंगसाठी दम राखून तो फर्स्ट बेसपर्यंत अर्ध्या जोरानं पळतो. बेसवर पोचला, तरी कोच त्याच्या जागी दुसरा मुलगा पळायला पाठवू शकतो, कारण बऱ्याच राज्यांत पिचर आणि कॅचरसाठी ‘कर्टसी रनर’ची मुभा आहे. त्यामुळे तो बेस चोरतो का (फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठतो का), दुसऱ्याच्या सिंगलवर (एका बेसच्या फटक्यावर) पहिल्यावरून तिसऱ्या बेसपर्यंत मजल मारतो का, यातलं काहीच दिसत नाही. उजव्या हाताच्या बॅटरला फर्स्टपर्यंत 4.3 सेकंद लागले, तर मेजर लीगच्या मापानं ते सरासरी धरतात. थकलेल्या मुलाला त्या मापात बसवलंत, तर चांगला धावपटू हातचा जाईल.

राडार गनचा (बॉलचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा इकडून तिकडे नेऊ नका. शोकेसमध्ये (स्काउटना खेळ दाखवण्याच्या कार्यक्रमात) आउटफिल्डर पुढे झेपावत, उडी घेऊन थ्रो करतो. माउंडवर त्याला ती धाव मिळत नाही. मैदानातून ताशी 90 मैलांचा थ्रो करणारा मुलगा माउंडवरूनही तेवढाच वेग काढेल, असं गृहीत धरू नका. पिचर म्हणून पाहायचं तर पहिल्या इनिंगचा आणि पाचव्या इनिंगचा फास्टबॉल शेजारी-शेजारी लिहा. चेंजअप (फास्टबॉलसारखाच भासणारा मंद बॉल) टाकताना हाताचा वेग मंदावतो का आणि बेसवर रनर असताना स्ट्राइक (बॅटरसमोरच्या ठरलेल्या टप्प्यातून जाणारे पिचेस) पडतात का, तेही बघा.

सामना सुरू होताना पोचणं ही आणखी एक चूक. सात इनिंगमध्ये सेंटर फिल्डकडे कधीकधी दोनच बॉल जातात. खरा हात दिसतो तो सामन्याआधीच्या सरावात, कोच आउटफिल्डला बॉल मारतात तेव्हा. तेवढा वेळ गाठाच. आणि उडालेल्या बॉलकडे बघत बसू नका. नजर मुलाच्या पायांवर ठेवा. बॅटचा आवाज झाल्याबरोबर पहिलं पाऊल योग्य दिशेला पडलं का, हे झेल घेतला की सुटला यापेक्षा जास्त सांगतं.

बॅटबद्दल थोडक्यात: शाळेत धातूची बॅट चालते, मेजर लीगमध्ये मात्र लाकडीच लागते, म्हणून जमल्यास लाकडी बॅटनं सराव करताना पाहा.

थंडीचा हिशेबही धरा. मार्चमध्ये न्यू जर्सीत बोटं गारठलेली असतात, फ्लोरिडातली मुलं तेव्हा केव्हाची रंगात आलेली असतात. मेजर लीगचा स्टार आउटफिल्डर माइक ट्राउट न्यू जर्सीतल्याच मिलव्हिलचा. शाळेत असताना पिचिंगही करायचा. 2009 च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात तेव्हा) तो 25 वा निवडला गेला, म्हणजे 24 जण त्याच्याआधी घेतले गेले.

‘हा पिचरच’ किंवा ‘हा आउटफिल्डरच’ असा शिक्का घाईनं मारू नका. निक मार्काकिसला सिनसिनाटी रेड्सनं दोनदा पिचर म्हणून निवडलं होतं. 2003 मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सनं त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि आउटफिल्डर केलं. त्यानं मेजर लीगमध्ये 2,388 हिट्स मारले. उलट रिक अँकिएल आधी सेंट लुई कार्डिनल्स संघाचा पिचर होता. स्ट्राइक टाकणं हरवलं, तेव्हा 2007 मध्ये तो आउटफिल्डर म्हणून परतला. म्हणून मी आता दोन वेगळी पानं करतो. स्काउट वापरतात त्या 20 ते 80 गुणांच्या मोजपट्टीवर दोन्हींचे गुण वेगळे लिहितो आणि प्रत्येक पानावर शेवटच्या पिचिंगची तारीख टाकतो.

त्या सेंटर फिल्डरला मी पुन्हा पाहायला गेलो, त्याला पाच दिवसांची विश्रांती मिळाल्यानंतर. सरावातला त्याचा तिसरा थ्रो एकच खालचा टप्पा घेऊन थेट कॅचरच्या ग्लव्हमध्ये गेला.