पोलिसांचं कौतुक असो वा तक्रार, आधी बक्कल नंबर टिपा

'पोलीस सगळे असलेच' किंवा 'पोलीस आहेत म्हणून आपण सुखाने झोपतो' अशा वाक्यांनी ग्रुपवर अंगठे मिळतात, पण कोणाच्या सेवापुस्तकात एक ओळही वाढत नाही. पोलीस दलात चांगलं काम बक्षीस म्हणून नोंदलं जातं, चुकीबद्दल कसुरी अहवाल जातो. दोन्हींसाठी माणूस, तारीख आणि घटना लागते. म्हणून कौतुकाचं पत्र आणि तक्रार अर्ज यांची पूर्वतयारी सारखीच करायची.

घटना घडल्यावर लगेच, डोकं शांत होण्याची वाट न पाहता, मोबाईलवर टिपून ठेवा: तारीख, वेळ, जागा, पोलीस ठाणं किंवा चौकी, छातीवरच्या पट्टीवरचं नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर (शिपाई-हवालदारांचा ओळख क्रमांक). गाडी असेल तर तिचा क्रमांक. ११२ ला फोन केला असेल तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६ सांगतं. ठाण्यात टेबलावर बसलेल्या ठाणे अंमलदारालाही नाव विचारायला हरकत नाही, फक्त आवाज चढवून विचारू नका.

कौतुकाचं पत्र पाठवायचं घटकप्रमुखाला. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, शहरात पोलीस आयुक्त किंवा परिमंडळाचे उपायुक्त, आणि प्रत ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकांना. नुसतं ठाण्यात दिलं तर पत्र तिथल्याच फायलीत राहण्याची शक्यता जास्त. मजकूर चार-पाच ओळींचा पुरे: 'दि. __ रोजी रात्री ११.२० च्या सुमारास __ चौकात माझ्या आईला दुचाकीने धडक दिली. हवालदार __, ब. नं. __, यांनी रिक्षा थांबवून तिला रुग्णालयात पोहोचवलं, तिची पर्स पंचांसमक्ष मोजून माझ्या ताब्यात दिली. या कामाची नोंद घ्यावी, ही विनंती.' यात 'खाकीतला देव' वगैरे काही नाही, हे मुद्दाम. वरिष्ठाला बक्षिसाची शिफारस करायला विशेषण नको, कृती हवी. सोबत मिठाईचे पुडे आणि पाकिटं मात्र नकोत, त्याने त्या हवालदारालाच अडचण होते. साध्या वेशातल्या गुन्हे प्रकटीकरण पथकाचे फोटोही टाकू नयेत. चेहरा ओळखीचा झाला की त्यांचं पाळत ठेवणं संपलं. खटल्यात तुम्ही साक्षीदार असाल तर निकालापर्यंत तपास अधिकाऱ्याची जाहीर स्तुती टाळा, बचाव पक्ष ती तुमच्याविरुद्ध वापरू शकतो.

तक्रारीत जास्त घोळ होतो. सगळ्यात नेहमीचा म्हणजे चोरीला गेलेला मोबाईल 'गहाळ' म्हणून नोंदला जाणं. 'गहाळ'चा दाखला सिमकार्डासाठी चालतो, पण त्यात गुन्हाच नसतो, मग तपास कसला? खिशातून काढला असेल तर अर्जात 'चोरी' हा शब्द आणि मोबाईलची किंमत लिहा. किमतीला महत्त्व आहे: ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र आहे (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा गुन्हा), म्हणजे नुसती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होईल. त्यावर असेल तर एफआयआर. हिसकावून नेला असेल तर तो वेगळाच, दखलपात्र गुन्हा. कागद हातात आल्यावर वर काय छापलंय ते वाचा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. 'आमची हद्द नाही' हेही कारण चालत नाही. हद्द कोणतीही असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर एफआयआर सक्तीचा, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं. मात्र ३ वर्षं किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा याच सुरक्षा संहितेत आहे. तेव्हा 'चौकशी चालू आहे' हे उत्तर दर वेळी टाळाटाळच असतं असं नाही.

तरीही नोंदवलं नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने अधीक्षकांकडे किंवा उपायुक्तांकडे पाठवा आणि पावती जपा. त्यानंतरची पायरी न्यायदंडाधिकाऱ्यांची, आणि तिथे शपथपत्रासोबत ही पावतीच कामी येते. हाती दिलेल्या अर्जावर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

वागणुकीबद्दल तक्रार असेल तर कोणत्या खोलीत, किती वाजता, कोणते शब्द वापरले हे लिहा आणि त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा. परमवीर सिंग सैनी खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८ महिने, आणि ते जमत नसेल तिथे किमान एक वर्ष, साठवण ठेवायला सांगितलं आहे. उशीर केलात तर पुरावा पुसला गेलेला असेल. कोठडीतली मारहाण, बेकायदा अटक, खंडणी अशी बाब असेल तर राज्य किंवा विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. लाच मागितली तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, आणि तोही पैसे देण्याआधी.

माणूस आणि व्यवस्था यांची गल्लत करू नका. एकच गाडी तीन ठिकाणी धावत असल्याने मदत उशिरा आली असेल, तर तो शिपायाचा दोष नाही. ती तक्रार मनुष्यबळाबद्दल घटकप्रमुखाला लिहा. उलट, गाडी वेळेत आली पण शिपाई शिवीगाळ करून गेला, तर एकाच अर्जात दोन्ही लिहा, वेगवेगळ्या परिच्छेदांत. असा अर्ज वरिष्ठ जास्त गंभीरपणे वाचतात, कारण तो रागाने लिहिलेला वाटत नाही. ऐकीव गोष्ट घालू नका. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे.

महिनाभर काही कळलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा: 'आवक क्र. __ च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी व प्रत द्यावी.' एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. कौतुकाच्या पत्राचं काय झालं, हेही असंच विचारता येतं.