टमी टकची तारीख घेण्याआधी

सव्वा महिना सरतो, पाहुण्यांची वर्दळ थांबते आणि पहिल्यांदाच आरशासमोर निवांत उभं राहता येतं. माझी धाकटी बहीण तेव्हाच विचारू लागली, "ताई, टमी टक करून घेऊ का?" टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले फाकलेले स्नायू शिवायचं ऑपरेशन. ऑपरेशन झालं ते त्यानंतर दोन वर्षांनी, आणि तेव्हा सहा आठवडे मी तिच्या घरी राहिले. मधल्या काळात एकेक करून जे पाहावं लागलं, ते इथे सलग लिहिते आहे. कोणाला तरी तारीख घेण्याआधी उपयोगी पडेल.

पहिली तयारी म्हणजे थांबणं. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, पण ताणलेली कातडी आणि स्नायू आवळायला महिनोन्‌महिने जातात. म्हणून बाळंतपणानंतर किमान ६ महिने, आणि जमल्यास वर्षभर, ऑपरेशनचा विचारच करू नये. सीझरच्या वेळीच टमी टकही करून घ्यावं असं सुचवणारे भेटतात. तेव्हा गर्भाशय मोठं असतं, कातडी सुजलेली असते, जंतुसंसर्गाची आणि रक्ताच्या गुठळीची भीती जास्त असते. त्या वाटेला जाऊ नका.

या काळात पोटाचे दोन उभे स्नायू मधून किती फाकले आहेत ते पाहून घ्या. उताणं झोपून, गुडघे वाकवून, डोकं जरासं उचलायचं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवायची. दोन बोटांहून जास्त फट लागली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. बऱ्याच जणींची फट पहिल्या काही महिन्यांत आपोआप आणि पुढे व्यायामाने कमी होते, मग ऑपरेशनची गरजच उरत नाही. बाळंतिणीच्या पोटपट्ट्याने आधार मिळतो, पण फट त्याने जुळत नाही. आणि कोणी सांगितलं म्हणून लगेच सिट-अप्स सुरू करू नका, पोट आणखी पुढे येऊ शकतं. खोकताना बेंबीपाशी गाठ वर येत असेल तर तो हर्निया असू शकतो. तो तपासून घ्या, कारण पुष्कळदा त्याची दुरुस्ती याच ऑपरेशनमध्ये होते. गाठ अचानक कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठा.

अंगावरचं दूध ऑपरेशनसाठी तोडू नका. बाळ आपल्या वेळेने दूध सोडेल, त्यानंतर ३ ते ६ महिने जाऊ द्या. दुसरं मूल हवं असेल तर ते आधी होऊ द्या. टमी टकनंतर गरोदर राहता येतं, पण शिवलेले स्नायू आणि कातडी पुन्हा ताणली जातात, आणि एवढा खर्च, एवढं दुखणं वाया जाऊ शकतं.

वजन निदान ६ महिने एका जागी स्थिर हवं. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. त्यात सैल कातडी आणि तिच्याखालची चरबी जाते. आतड्यांभोवतीची चरबी जिथल्या तिथे राहते, ती कोणताही सर्जन काढत नाही. बेंबीखालचे ताणाचे वळ बरेचसे निघून जातात, वरचे राहतात. आणि कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा व्रण येतो, तो फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तुमचे जुने व्रण जाड, फुगीर होत असतील तर हे सर्जनला आधीच सांगा.

रक्ताकडे विशेष लक्ष द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) आढळला. बहिणीचं हिमोग्लोबिनही कमीच निघालं आणि ते वाढवण्यात काही महिने गेले. साखर आणि थायरॉइडही पाहून घ्या. एस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या, काढे, चूर्णं, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगा.

मिशरीचं मुद्दाम वेगळं लिहिते, कारण कोणी विचारत नाही आणि बायकाही सांगत नाहीत. मिशरी म्हणजे तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ताणून शिवलेल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि कडा काळ्या पडून सडू शकतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान ४-४ आठवडे मिशरी, सिगारेट, गुटखा पूर्ण बंद. सासूबाईंसमोर बोलायचा संकोच वाटत असेल तर भूलतज्ज्ञांशी एकटीने बोला, पण लपवू नका.

मनाचंही पाहा. सतत रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर आधी त्यावर उपचार घ्या. पोट सपाट झाल्याने ते जात नाही.

सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी (आताची डीआरएनबी) आहे ना, भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग तिथेच आहे का, हे स्पष्ट विचारा. आरोग्यविम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया बसत नाही, वर जीएसटीही लागतो. हर्निया असेल तर तेवढ्या भागाचं विमा कंपनीला आधी विचारून ठेवा.

आता घर. इथेच सगळ्यांची तयारी कमी पडते. साधारण सहा आठवडे जड काही उचलायचं नसतं, आणि वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं असतं. म्हणजे सहा आठवडे मूल कडेवर नाही. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला ऐकवा. भाचा रात्री फक्त आईजवळ झोपायचा, म्हणून मी महिनाभर आधी जाऊन त्याला माझी सवय लावली. तरी पहिल्या आठवड्यात तो तिच्याकडे बघून हात पसरायचा आणि तिला तोंड फिरवावं लागायचं. मग सुचलं ते असं: तिने आधी टेकून बसायचं, पोटावर उशी धरायची आणि मी त्याला तिच्या बाजूला बसवायचं. असं दिवसातून पाच-सहा वेळा.

पहिले काही दिवस वाकूनच चालावं लागतं, जखमेतलं रक्तपाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या असतात, उकिडवं बसता येत नाही. कमोड हवा, उंच पलंग हवा, गुडघ्यांखाली उशी हवी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुकर, पाण्याची कळशी, पिठाचा डबा कोण उचलणार ते ठरवा. पोटाला घट्ट पट्टा दिवसरात्र घालावा लागतो, म्हणून मे महिना टाळा. परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन हे उरकू नका, लांबच्या विमानप्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका असतो.

फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर दवाखान्याचा रात्रीचा नंबर आणि खाली लगेच फोन करायची लक्षणं: एका पोटरीला सूज, दम लागणं, ताप, जखमेतून पू, कातडी काळी पडणं. घरात जो कोणी असेल त्याला तो वाचून दाखवा.