क्लासिक गाडीला नवीन टायर घेताय? आधी हे वाचा

क्लासिक गाड्यांचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. गाडी वर्षभरात जेमतेम फिरते, नक्षी नव्यासारखी खोल दिसते, त्यामुळे आपण निर्धास्त असतो, पण रबर आतून कडक पडलेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी सरळ घसरत जाते. म्हणून नवीन टायर कुठला घ्यायचा हा विचार नंतर करा, आधी आहेत त्यांचं वय बघा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेली ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३४१९ असेल तर २०१९ सालातला ३४वा आठवडा. चारच्या जागी तीन आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्याच्यावर गाडी चालवूच नका, कितीही छान दिसू दे. हा पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते, तेव्हा बॅटरी घेऊन गाडीखाली वाकून बघायला लागतं. आणि स्टेपनी विसरू नका, बहुतेक गाड्यांमधे सगळ्यात जुना टायर तोच निघतो. दहा वर्षं झाली की बदलायचाच असं मी धरून चालतो, आणि पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी चिरा, फुगवटे नीट बघून घ्यायचे.

आता मुख्य मुद्दा. गाडी ज्या टायरवर चालेल असं धरून डिझाइन केली होती, त्याच्या जवळ राहायचं. रुंद टायर, जास्त ग्रिप, भारदस्त लुक हे सगळं आधुनिक गाडीत ठीक आहे कारण तिचं सस्पेन्शन त्या हिशोबाने बनवलेलं असतं. जुन्या गाडीला बहुधा पॉवर स्टेअरिंग नसतं, रुंद टायर घातला की पार्किंग करताना हात भरून येतात, स्टेअरिंग बॉक्स आणि व्हील बेअरिंगवर लोड वाढतो तो वेगळाच. आणि अरुंद टायरची एक फार सुंदर गोष्ट अशी की तो ग्रिप सोडायच्या आधी सांगतो, वळणावर गाडी हळूहळू सरकायला लागते, तुम्हाला कळतं, सावरायला वेळ मिळतो. क्लासिक चालवण्यातली अर्धी मजा त्यातच आहे.

पुढचा प्रश्न क्रॉसप्लाय की रेडियल. क्रॉसप्लाय म्हणजे आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके टाकलेला जुन्या पद्धतीचा टायर, रेडियलमधे ते दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. मिशेलिनने रेडियलचं पेटंट १९४६ मधे घेतलं आणि १९४९ मधे टायर बाजारात आणला, पण सगळ्या गाड्यांवर तो यायला पुढे बरीच वर्षं गेली, त्यामुळे पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकातल्या कितीतरी गाड्या मुळात क्रॉसप्लायवरच्या आहेत. क्रॉसप्लायवर गाडी रस्त्यावरच्या खाचांमागे थोडी भरकटते, लांब उभी राहिली तर टायर खाली चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर धडधड होते. दिसायला मात्र तोच बरोबर. गाडी प्रदर्शनापुरती किंवा हळू फिरवायची असेल तर क्रॉसप्लाय ठेवा, नियमित लांब जाणार असाल तर माझं मत रेडियल. फक्त एकाच अ‍ॅक्सलवर दोन प्रकार कधीच नको. आणि पुढे रेडियल मागे क्रॉसप्लाय हे तर अजिबात नको, मागची बाजू आधी सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. चारही एकाच वेळी बदला, वाद संपला.

साइजमधे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. जुना नंबर ५.६०-१५ असा असतो, म्हणजे रुंदी ५.६० इंच आणि रिम १५ इंच. त्याच्या जागी १५५ आर १५ किंवा १६५ आर १५ घालतात, यात पहिला आकडा मिलीमीटरमधली रुंदी आणि आर म्हणजे रेडियल. मूळच्या मिनीचा ५.२०-१०, त्याला १४५ आर १०. आता १६५ आर १५ मधे साइडवॉलच्या उंचीचा आकडा लिहिलेलाच नाही, तिथे रुंदीच्या ८० ते ८२ टक्के धरायचे. गणित करून बघा: १६५ च्या ८२ टक्के म्हणजे १३५ मिमी, ते वरून-खालून दोनदा, अधिक रिमचे ३८१ मिमी, टायरचा व्यास झाला साधारण ६५१ मिमी. आता कोणी म्हणालं की १५ इंचीच आहे, १९५/५० आर १५ घाला, तर त्याची साइडवॉल रुंदीच्या फक्त ५० टक्के, व्यास येतो ५७६ मिमी. गाडी खाली बसते, इंजिन सगळीकडे जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८८ वर असते. व्यासाचा फरक दोन-तीन टक्क्यांत ठेवा.

मिलीमीटरमधल्या रिमपासून सावध राहा. सिट्रोएन ट्रॅक्शन अ‍ॅव्हांचा १६५-४०० टायर ४०० मिमीच्या रिमचा, म्हणजे पावणेसोळा इंच. १६ इंची टायर त्यावर सैल बसतो. मिशेलिनचे टीआरएक्स रिमही तसेच, त्यांना टीआरएक्सच टायर लागतो, जवळपासचा इंची साइज हातोडीने बसवायला बघू नका.

लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (जास्तीत जास्त किती वेग झेपतो) पटकन सांगतो. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८६ म्हणजे ५३०. एस म्हणजे ताशी १८० किमी, एच २१०, व्ही २४०. गाडीच्या मॅन्युअलमधे असेल त्यापेक्षा कमी नको.

ट्यूबचा विषय मात्र सविस्तर बघा. तारांच्या चाकांना स्पोकच्या भोकांतून हवा जाते म्हणून ट्यूब हवीच. साध्या लोखंडी रिमवरही, जुन्या असतील तर, आतल्या बाजूला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा बऱ्याचदा नसतो, मग हवा कमी असताना जोरात वळलात की टायर रिमवरून निसटू शकतो, तिथेही ट्यूब घाला. ट्यूब रेडियलला चालणारी आणि साइजची असावी. टायरच्या आत हात फिरवून बघा, काही आधुनिक टायर आतून खरखरीत किंवा रेघारेघांचे असतात, ते ट्यूब घासून घासून फाडतात. आत चिकटवलेला कागदी स्टिकर असेल तो सोलून काढा. स्पोकची टोकं वर आलेली असतील तर घासून घ्या, त्यांच्यावरची पट्टी, म्हणजे रिमटेप, नवीन टाका. नवीन टायर बसवायच्या आधी रिमही उजेडात धरून बघायचे, गंजलेलं किंवा नटांच्या भोकांपाशी तडा गेलेलं रिम असेल तर आधी त्याचं काम.

जुन्या नक्षीचे टायर आजही बनतात ही चांगली गोष्ट आहे, मिशेलिनचा एक्सएएस, पिरेलीचा सिंतुरातो, फ्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक वगैरे. महाग पडतात, पण साइडवॉलचा आकार आणि चालीची पद्धत गाडीला शोभते, म्हणून परवडत असेल तर मी तेच घेईन.

आधी एकच टायर बसवून बघा. पुढच्या चाकावर लावा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, ब्रेकचा होज, मडगार्डची कड, सस्पेन्शनचे दांडे यांच्यापासून बोटभर तरी जागा राहते का बघा. मागे दोन-तीन जणांना बसवून गाडी दाबून तेच करा. स्टेपनीच्या खाचेत नवीन टायर मावतो का हेही आत्ताच बघून घ्या.

क्रॉसप्लायवरून रेडियलवर गेलात तर टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते माप, नव्याने सेट करून घ्या, रेडियलला ते कमी लागतं. मॅन्युअलमधला हवेचा आकडाही क्रॉसप्लायचाच असतो, रेडियलला दोन-चार पीएसआय जास्त ठेवून सुरुवात करा, टायर गार असताना मोजा. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा, नवीन रबरावर कारखान्यातला बुळबुळीत थर असतो तो उतरू दे, आणि मग चाकांचे नट परत एकदा पान्याने तपासा.