हवेतले व्हीओसी मोजताना या चुका टाळा

बेंझिन, टोल्यूइन, झायलिन ही बाष्पशील सेंद्रिय संयुगे (व्हीओसी) हवेत बहुधा पीपीबी पातळीला, म्हणजे अब्जात मोजके भाग एवढीच असतात. आकडे जुळेनासे झाले की संशयाची सुई लगेच जीसी-एमएसकडे, म्हणजे संयुगे वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्राकडे वळते आणि त्याचा आयन सोर्स (रेणूंना विद्युतभार देणारा भाग) उघडायची घाई होते. त्याआधी नमुना कसा घेतला ते तपासा. घोळ बहुतेक तिथेच सापडतो.

सर्वांत महागात पडते ते नमुन्याच्या ट्यूबमधून, म्हणजे संयुगे धरून ठेवणारा पदार्थ भरलेल्या नळीतून, प्रमाणाबाहेर हवा ओढणे. 200 मिलिग्रॅम टेनॅक्स टीए (असाच एक पदार्थ) भरलेल्या ट्यूबची बेंझिनसाठीची सुरक्षित मर्यादा 20 अंश सेल्सिअसला साधारण 6 लिटर. मिनिटाला 100 मिलिलिटर या वेगाने ती तासाभरात संपते. तापमान 10 अंशांनी वाढले की ही मर्यादा जवळपास निम्मी होते, त्यामुळे उन्हात ठेवलेल्या ट्यूबला अर्धा तासही पुरे. पंप रात्रभर चालू ठेवलात तर बेंझिन दुसऱ्या टोकातून निसटत राहते. टोल्यूइन मात्र टेनॅक्स कितीतरी घट्ट धरून ठेवते. मग टोल्यूइन-बेंझिन गुणोत्तर फुगते आणि त्यावरून प्रदूषण वाहनांचे की सॉल्व्हंटचे याचे अहवाल लिहिले जातात! आलेखातले पीक (उंचवटे) मात्र दिसायला अगदी सुबक असतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

पडताळणी अवघड नाही. एकामागे एक दोन ट्यूब जोडा. मागच्या ट्यूबमध्ये पुढचीच्या 5 टक्क्यांहून जास्त बेंझिन आले तर तो नमुना बाद. किंवा एकाच वेळी एका ट्यूबवर 1 आणि दुसरीवर 4 लिटर हवा घ्या. दोन्हींची संहती जुळायला हवी. 4 लिटरवाली कमी दाखवत असेल तर ब्रेकथ्रू (संयुग ट्यूबमधून निसटणे), 1 लिटरवाली जास्त दाखवत असेल तर ब्लँकवर (हवा न ओढलेल्या कोऱ्या ट्यूबवर) आधी शंका घ्या. लक्षण एकच दिसते, म्हणून फील्ड ब्लँकशिवाय निकाल लावू नका. हा ब्लँक ट्यूबांबरोबर जाऊन आलेला हवा. प्रयोगशाळेतल्या कपाटात बसलेला ब्लँक वाटेतल्या दूषिततेबद्दल काय सांगणार?

बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन अनपेक्षितपणे वर आले तर हवेला दोष देण्याआधी ओझोन आठवा. तो टेनॅक्सचेच विघटन करून ही संयुगे तयार करतो. ट्यूबच्या आधी ओझोन स्क्रबर (ओझोन काढून टाकणारी गाळणी) लावला की बराच फरक पडतो. जीसी-एमएसमध्ये 73, 207, 281 वस्तुमानाचे आयन दिसले तर ती सिलोक्सेन (सिलिकॉनयुक्त संयुगे), बहुधा यंत्राच्या कॉलमची (संयुगे वेगळी करणाऱ्या नळीची) किंवा सेप्टमची (रबरी बुचाची). 28 (नायट्रोजन) आणि 32 (ऑक्सिजन) दोन्ही चढलेले असतील तर यंत्रात हवेची गळती शोधा, बाकी सगळे नंतर.

पंपाचा फ्लो नमुन्याआधी मोजतात, नंतर विसरतात. दोन्ही वेळा मोजा, आणि ट्यूब जोडलेली असतानाच.

शेवटी रूपांतर. 1 पीपीबी बेंझिन म्हणजे 25 अंशांना, एका वातावरण दाबाला, 3.19 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. 0 अंशाला तेच 3.49. अहवालात संदर्भ तापमान लिहिलेले नसेल तर दोन प्रयोगशाळांमधला 9 टक्क्यांचा फरक निव्वळ यातून येऊ शकतो, आणि तो शोधायला कुणीतरी विनाकारण कॅलिब्रेशन पुन्हा करत बसते.