हिवाळ्यात आरव्ही घेऊन डेथ व्हॅलीला जाताय? कॅम्पग्राउंड निवडताना या चुका टाळा

नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटला की व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, "ख्रिसमसला आरव्ही घेऊन डेथ व्हॅलीला चाललोय, आई-बाबा पण आलेत, कुठलं कॅम्पग्राउंड बेस्ट?" (आरव्ही म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, आणि डेथ व्हॅली हे कॅलिफोर्नियातलं वाळवंटी नॅशनल पार्क.) लगेच चार जण सूर्योदयाचे फोटो टाकतात आणि "टेक्सस स्प्रिंग, डोळे झाकून घ्या" म्हणून मोकळे होतात. आरव्ही किती फुटी आहे, रात्री कुणाला मशीन लावावं लागतं का, हे कुणी विचारतच नाही. अहो, दिवसा तुम्ही कॅम्पग्राउंडवर नसताच! डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग १४ तास अंधारात, थंडीत, त्या गाडीत काढायचे असतात. जागा त्या १४ तासांचा विचार करून निवडायची.

विजेचा हिशोब न करता फोटो बघून बुकिंग करणं

ही चूक सगळ्यात जास्त बघितलीय आणि हिचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. आरव्हीचा हीटर प्रोपेनवर चालतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण गरम हवा आत ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि चालू असताना ७-८ अँपिअर ओढतो. भाड्याच्या आरव्हीत बहुतेक वेळा साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, तिची निम्मीच क्षमता वापरायची असते, आणि थंडीत तीही कमी होते.

आमच्या ओळखीतल्या एकाने असंच टेक्सस स्प्रिंग घेतलं होतं. जागा सुंदर आहे, वादच नाही, मागे पिवळट टेकड्या आणि समोर अख्खी दरी. पण तिथे जनरेटरला बंदी आहे, दिवसासुद्धा! त्याचे वडील नाशिकहून आलेले, त्यांना झोपताना सीपॅप, म्हणजे श्वास सुरळीत ठेवणारं मास्कचं मशीन, लागतं, आणि आरव्ही देणाऱ्याने "सोलर आहे, काळजी नको" असं सांगून पाठवलेलं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन, दिवस लहान, त्यात संध्याकाळी मुलांचे टॅब्लेट, दिवे, पाण्याचा पंप. रात्री तीनच्या आसपास माझ्या ट्रेलरचं दार वाजलं. त्यांच्याकडे जाऊन बघतो तर थर्मोस्टॅटचा डिस्प्ले मिणमिणतोय, हीटर बंद, गॅसचा अलार्म बॅटरी उतरली म्हणून टिक टिक करतोय आणि काका मास्क हातात धरून स्वेटरवर शाल घेऊन बसलेत. काकू म्हणाल्या, "मशीन बंद पडलं तशी ह्यांना जाग आली." मी माझं पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) नेऊन दिलं, मशीनचं ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद करायला लावलं कारण खरी वीज तेच खातं, आणि सकाळपर्यंत निभावलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दोन मिनिटांवरच्या सनसेट नावाच्या कॅम्पग्राउंडला हलवलं. ते म्हणजे निव्वळ खडीचं पार्किंग, फोटोत अगदीच भकास, पण तिथे दिवसा जनरेटर चालतो आणि बॅटरी भरून घेता येते.

घरात सीपॅप असेल, लहान बाळ असेल किंवा थंडी न सोसणारं कुणी असेल तर सरळ हुकअप, म्हणजे साइटवरच विजेची जोडणी असलेली जागा, घ्या. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंडवर वीज-पाणी-सांडपाणी अशा पूर्ण जोडणीच्या १८ साइट्स आहेत, स्टोव्हपाइप वेल्सच्या आरव्ही पार्कमध्येही मोजक्या आहेत. हुकअप नसेल तर मी जेवणाआधी, परवानगीच्या वेळेत, जनरेटर लावून बॅटरी भरतो आणि रात्री हीटर १५ अंश सेल्सिअसच्या वर ठेवत नाही, जाड रजया घ्यायच्या. आरव्ही ताब्यात घेताना बॅटरी किती अँपअवरची आणि इन्व्हर्टर आहे का, हे दोन प्रश्न विचाराच. समोरच्याला उत्तर देता आलं नाही तर बॅटरी छोटी आहे असंच धरून चाला.

"वाळवंट आहे, थंडी कसली?"

उंची बघा. फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या सुमारे ६० मीटर खाली आहे, तिथे डिसेंबरात रात्री ३-४ अंश सेल्सिअस असतात. त्याच पार्कमधलं वाइल्डरोज कॅम्पग्राउंड १२५० मीटरवर आहे आणि दर हजार फुटांना तापमान ३ ते ५ फॅरेनहाइटने उतरतं. कॅलिफोर्नियातल्याच जोशुआ ट्री नॅशनल पार्कचं जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंड तर जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर आहे, पाणी गोठतं तिथे. रात्री पाण्याचा पाइप काढून आत ठेवायचा.

लांबी न बघणं

२५ फूट हा आकडा लक्षात ठेवा. वाइल्डरोजला जाणारा इमिग्रंट कॅन्यनचा रस्ता, आर्टिस्ट्स ड्राइव्ह, डांटेज व्ह्यू, तिन्हीकडे त्याहून लांब गाडी चालत नाही. जोशुआ ट्रीत हिडन व्हॅली आणि व्हाइट टँक या कॅम्पग्राउंडना आरव्ही आणि मागे ओढलेली गाडी मिळून २५ फूट धरतात. "बसेल हो कशीतरी" म्हणणाऱ्यांना अंधारात ३० फुटी गाडी रिव्हर्स घेताना मी बघितलंय, मागे दगड आणि पुढे ताटकळलेल्या चार गाड्या. आधी साइटची लांबी वाचा, मग पैसे भरा.

बाकीच्या चुका पटकन

जोशुआ ट्री पार्कच्या आत एकाही कॅम्पग्राउंडला हुकअप नाही, पाणी आणि डम्प स्टेशन (सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा) ब्लॅक रॉक आणि कॉटनवूडलाच. टाकी भरून जा.

नकाशावर जवळ दिसतं म्हणून डेथ व्हॅलीच्या उत्तर टोकाचं मेस्किट स्प्रिंग घेऊ नका. उबेहीबी क्रेटरसाठी ते उत्तम, पण दरीच्या तळाशी असलेल्या बॅडवॉटरला जायला तिथून सव्वा-दीड तास मोडतो.

पार्कच्या पश्चिम बाजूच्या पॅनामिंट स्प्रिंग्जहून रोज ये-जा करायची तर मध्ये जवळपास ५००० फुटांचा टाउन पास हा घाट लागतो, जड आरव्हीला तो चढ रोज नको.

ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर) उघडं टाकून झोपू नका, वारा अचानक सुटतो.

पाऊस असेल तर कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने रस्ते असे उखडले की डेथ व्हॅली पार्क ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतं.

ऐनवेळी जागं होणं

फर्नेस क्रीकचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर ६ महिने आधी उघडतं, म्हणजे ख्रिसमससाठी जूनमध्येच बसायला लागतं आणि हुकअपवाल्या साइट्स बघता बघता जातात. डिसेंबरात उठून "काही जुगाड आहे का" विचारणाऱ्यांना मी जुगाड सांगत नाही. रद्द झालेल्या साइट्स बघत राहा, मी रात्री झोपण्याआधी आणि सकाळी चहासोबत बघतो, निघायच्या आदल्या आठवड्यात बऱ्याच सुटतात. नाहीच मिळाली तर फर्नेस क्रीकपासून ४० मैलांवर नेवाडात बीटी आहे, तिथे खासगी आरव्ही पार्क आहेत, हुकअप मिळतो आणि पेट्रोलही पार्कच्या आतल्यापेक्षा स्वस्त पडतं. सोबत वयस्कर माणसं असतील तर मी टेक्सस स्प्रिंगची साइट हातात असली तरी ती सोडून बीटीला जाईन.